जत्रेतले नाटक, शिगमो आणि पावसाळा: गोव्यात पहिला व्हिडिओ कॅमेरा निवडताना

२००४पासून बहुतेक वर्षी नोव्हेंबरात पणजीत इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो आणि मोठमोठे कॅमेरे पाहून अनेकांच्या डोक्यात किडा वळवळू लागतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता कॅमेरा घेऊ? हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी चार गोष्टी कागदावर लिहा. काय टिपायचे आहे, किती अंतरावरून, किती उजेडात आणि सलग किती वेळ? या उत्तरांतून लेन्स ठरते, मग आवाजाची सोय ठरते, आणि उरलेल्या पैशांत कॅमेऱ्याची बॉडी येते. बहुतेक जण नेमके उलट करतात. सगळे पैसे बॉडीत घालतात आणि जत्रेच्या रात्री दहाव्या रांगेत सोबत आलेली छोटी लेन्स लावून बसतात.

आधी अंतर मोजा

एक साधे गणित पाठ करा. सेन्सरची (बॉडीतल्या चित्र टिपणाऱ्या चिपची) रुंदी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला अंतराने गुणा आणि चौकटीत जेवढी रुंदी हवी तिने भागा. येईल ती तुम्हाला लागणारी फोकल लेन्थ, म्हणजे लेन्सवर लिहिलेला मिमीचा आकडा. अंतर आणि चौकटीची रुंदी दोन्ही मीटरमध्ये धरायची. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिमी रुंद असतो, एपीएस-सी साधारण २३.५ मिमी (कॅननचा जरा लहान, २२.३) आणि मायक्रो फोर थर्ड्स १७.३ मिमी.

देवळासमोरच्या मंचाची दर्शनी रुंदी ८ मीटर आहे आणि तुम्हाला जागा मिळाली १६ मीटरवर, असे धरू. एपीएस-सी कॅमेऱ्यावर अख्खा मंच मावायला ४७ मिमी लागते. म्हणजे बॉडीसोबत येणारी १६-५० मिमीची लेन्स पूर्ण ओढल्यावर कुठे मंच चौकट भरून दिसतो. एका नटाला कमरेपासून वर घ्यायचे तर चौकट सुमारे २ मीटर रुंद हवी, त्यासाठी १८८ मिमी. १८-१३५ मिमीची झूम घेतली तर पूर्ण मंचापासून एका पात्राच्या गुडघ्यापासून वरच्या चौकटीपर्यंत काम भागते. कमरेपासूनची चौकट हवी असेल तर चार रांगा पुढे सरका. नाटकासाठी सुरुवात करणाऱ्याने हीच लेन्स घ्यावी. तिचे अ‍ॅपर्चर (उजेड आत घेणारे भोक; एफचा आकडा लहान तितके ते मोठे) एफ/३.५-५.६ आहे म्हणून नाक मुरडणारे भेटतील. पण मंचावर उजेड असतो, तिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) १००० ते २००० वर काम होते. निळ्या दिव्यातल्या रात्रीच्या प्रसंगात ६४०० पर्यंत जावे लागेल, थोडे दाणे दिसतील, प्रेक्षक चालवून घेतो.

शिगमो म्हणजे गोव्यातला होळीच्या दिवसांतला उत्सव. त्याच्या मिरवणुकीत मात्र ही लेन्स तोंडघशी पाडते. चित्ररथ स्वतःच्या दिव्यांत झगमगतात, पण त्यांच्यापुढे ढोल-ताशांवर नाचणाऱ्या गटावर, म्हणजे रोमटामेळावर, फक्त रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड असतो. एफ/५.६ला तिथे आयएसओ १६००० च्या आसपास जाईल. एफ/१.८ला तेच काम साधारण १६०० वर होते. म्हणून मिरवणुकीसाठी ३५ किंवा ५० मिमीची एफ/१.८ प्राइम लेन्स घ्या, आणि समोरून चालत येणारा मेळ दाट दाखवायचा असेल तर ८५ मिमी. झूम नाही, तेव्हा पायांनी मागेपुढे व्हायचे.

पंचवीस फ्रेम, एक पन्नासांश

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साधे दिवे तिच्या तालावर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. परदेशी व्हिडिओ पाहून सेकंदाला ३० फ्रेम (चित्रे) आणि १/६० शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड मिळण्याचा वेळ, सेकंदात) लावले की मांडवातल्या ट्यूबलाइटखाली चित्र लपलपते किंवा आडवे पट्टे सरकत जातात. उपाय सोपा आहे: कॅमेऱ्याचा मेनू पाल (५० हर्ट्झच्या देशांतल्या) पद्धतीवर न्या, २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा. काही कॅमेरे हा बदल करताना कार्ड फॉरमॅट करायला सांगतात, म्हणून हे काम घरी, रिकाम्या कार्डावर. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ या भागात पाल फॉरमॅट दाखवण्याचे बटण आहे, ते चालू केल्याशिवाय २५ फ्रेम यादीत दिसतच नाहीत.

संथ गती हवी तर ५० फ्रेम आणि १/१००. पंचवीसच्या टाइमलाइनवर ती बरोबर निम्म्या वेगाने चालते आणि दिवेही त्रास देत नाहीत. १२० फ्रेम ट्यूबखाली टाळा. मंचावरचे स्वस्त एलईडी दिवे मंद केले की वेगळाच गोंधळ घालतात, कारण ते फार वेगाने चालू-बंद करून मंद केले जातात. त्यांचा ताल विजेशी जुळत नाही. तालमीच्या वेळी १/५० आणि १/१०० दोन्ही लावून पाहा. कॅमेऱ्यात शटर बारीक दशांशांत सरकवण्याची सोय असेल तर पट्टे थांबेपर्यंत सरकवत न्या.

दुपारी उलटी अडचण. गोवा साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्याकडे भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणीत काळोख आणि नाकाखाली मिशीसारखी सावली पडते. त्या वेळी माणसे टिपूच नयेत. पण टिपायचेच असेल तर हिशेब असा: स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि १/५० शटरला एफ/२२ लागते. एवढे बारीक अ‍ॅपर्चर चित्र मऊ करते. एफ/४वर यायचे तर पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड अडवावा लागतो, म्हणजे एनडी ३२ फिल्टर. एफ/२.८साठी एनडी ६४. लॉग प्रोफाइल (नंतर रंग सुधारता यावेत म्हणून फिके चित्र नोंदवणारी पद्धत) वापरलेत आणि कॅमेरा त्यात ८०० आयएसओच्या खाली उतरत नसेल, तर आणखी तीन स्टॉप. फिरवून कमीजास्त करता येणारा व्हेरिएबल एनडी सोयीचा असतो, पण स्वस्तातला फिल्टर टोकाला नेला की आकाशावर काळी फुली उमटते. पाच स्टॉपच्या पुढे त्यावर विसंबू नका.

लॉगबद्दल एक सल्ला, जो कोणाला पटत नाही: पहिले सहा महिने लॉग वापरू नका. ८-बिट (रंगांच्या कमी छटा नोंदवणाऱ्या) कॅमेऱ्यावर लॉगमधले संध्याकाळचे आकाश रंग सुधारताना पायऱ्यापायऱ्यांचे दिसू लागते. १०-बिट असेल तेव्हा शिका. तोवर साधे प्रोफाइल घ्या, कॉन्ट्रास्ट थोडा कमी ठेवा आणि एक्स्पोजर बरोबर ठेवा.

आता बॉडी

हातात बरा फोन असेल तर आधी तोच पुरे. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत अ‍ॅप घाला, त्यात फ्रेम २५, शटर १/५०, व्हाइट बॅलन्स आणि फोकस कुलूपबंद करता येतात. मुलाखती, खाण्याचे व्हिडिओ, दिवसाचे लघुपट फोनवर होतात. रात्र आणि लांबून झूम, या दोन ठिकाणी फोन हरतो.

कॅमेरा घ्यायचाच ठरले तर दुकानात पाच गोष्टी विचारा. माइकसाठी आणि हेडफोनसाठी वेगवेगळे जॅक आहेत का? सलग रेकॉर्डिंगला मर्यादा आहे का? जुन्या बऱ्याच कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांनी चित्रण आपोआप थांबते, आणि नेमके तेव्हा नायक मरत असतो. यूएसबीवरून वीज घेत असतानाच कॅमेरा चालतो का? पडदा बाजूला उघडतो का? ४के घेताना चौकट आत कापली जाते का?

उदाहरणे घेऊ. सोनी झेडव्ही-ई१० मध्ये माइक आणि हेडफोन दोन्ही जॅक आहेत. २५ फ्रेमला ४के पूर्ण रुंदीत मिळते, ३० फ्रेमला मात्र चौकट कापली जाते. आपण पंचविसावरच असल्यामुळे फायदा आपला. यात सेन्सर हलवून धक्के शोषणारी यंत्रणा नाही आणि ४केमध्ये वेगाने पॅन केले (कॅमेरा आडवा वळवला) की विजेचे खांब तिरपे होतात, त्यामुळे स्टँड हवाच. कॅनन आर५०चे चित्र आणि फोकस नवख्याला फार सोपे, पण हेडफोनचा जॅक नाही. म्हणजे आवाज बिघडला हे घरी गेल्यावर कळणार. नाटकवाल्याने तो घेऊ नये. जुन्या बाजारात पॅनासॉनिक जीएच५ मिळतो, २०१७चा. १०-बिट, दोन कार्डे, वेळेची मर्यादा नाही, धक्के शोषणारा सेन्सर. त्याचा व्हिडिओतला ऑटोफोकस कच्चा आहे म्हणून लोक तो स्वस्तात काढतात. मंचासाठी ऑटोफोकस लागतोच कुठे? एपीएस-सीवर ४७ मिमी, एफ/५.६, फोकस १६ मीटरवर ठेवला तर सुमारे ९ मीटरपासून पुढचे सगळे स्पष्ट राहते. जीएच५वर तीच चौकट ३५ मिमीला मिळते आणि हिशेबही जवळपास तोच राहतो. फोकस एकदा लावा आणि मॅन्युअल करून टाका, नाहीतर पुढच्या रांगेत कोणी उभे राहिले की कॅमेरा त्याच्या डोक्यावर फोकस नेतो. १३५ मिमीवर गेल्यावर मात्र मागेपुढे दीड-दीड मीटरचीच मुभा उरते, तिथे हात फोकस रिंगवर हवा.

ब्लॅकमॅजिक पॉकेट ४के पाहून मोह होतो. चित्र देखणे आहे, पण बॅटरी तासाभरात संपते, पडदा वळत नाही आणि फाइली अवाढव्य होतात. कथापट करायला माणसे असतील तरच तो घ्या.

कार्ड व्ही३० लिहिलेले घ्या, म्हणजे सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी. १०० मेगाबिटच्या चित्रणाला तासाला ४५ जीबी लागतात. तीन तासांचे नाटक १३५ जीबी, तेव्हा २५६चे कार्ड. नवे कार्ड आधी एकदा पूर्ण भरून पाहा. नकली कार्ड अर्ध्यावर पोचल्यावर खरे रूप दाखवते.

स्टँडवर मात्र काटकसर नको. फोटोचे बॉल हेड व्हिडिओला निरुपयोगी आहे, कॅमेरा संथपणे, हिसके न देता वळवणारे फ्लुइड हेड हवे. पॅन करताना एखादी वस्तू चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला सात सेकंद घेईल एवढाच वेग ठेवा. त्याहून जलद गेलात तर २५ फ्रेमला चित्र हिसके देते.

आवाज

चित्र थोडे अंधारे असले तरी लोक पाहतात, नाट्यपद फाटक्या आवाजात कोणी ऐकत नाही. नाटकात ध्वनिवाल्याच्या मिक्सरमधून वायर घेण्याची सवय चांगली, पण दोन चुका नेहमी होतात. पहिली: मिक्सरचा लाइन आवाज सरळ कॅमेऱ्याच्या माइक जॅकमध्ये घालणे. तो सिग्नल एवढा मोठा असतो की कॅमेऱ्यातली पातळी कितीही खाली आणली तरी आवाज आधीच फाटलेला असतो. लाइन-इन असलेला वेगळा रेकॉर्डर वापरा किंवा आवाज कमी करणारी अटेन्युएटर वायर घ्या. दुसरी चूक: फक्त मिक्सरवर भरवसा. मिक्सरमध्ये ज्याच्यापुढे माइक आहे तेच येते. माइकपासून लांब बसलेला ऑर्गनवाला, तबला, प्रेक्षकांचा हशा गायब. म्हणून एक साधा स्टिरिओ रेकॉर्डर मंचाजवळ ठेवा आणि दोन्ही नंतर मिसळा.

पातळी अशी ठेवा की मोठ्यात मोठा संवाद उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. घुमट (मातीचे तालवाद्य), ढोल, ताशे असतील तर अंदाजावर जाऊ नका: दुसऱ्या ट्रॅकवर तोच आवाज १२ डेसिबल खाली नोंदवण्याची सोय काही रेकॉर्डरांत असते, ती चालू करा. ३२-बिट फ्लोट रेकॉर्डर असेल तर हा ताप बराच कमी होतो, पण माइकच ओरडून फाटला तर तोही काही करू शकत नाही.

वेगळा रेकॉर्डर म्हणजे जुळवणी आली. प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. दोन यंत्रांची घड्याळे किंचित वेगळी चालतात, त्यामुळे दोन तासांनी ओठ आणि आवाज काही फ्रेमनी सुटतात. ओढाताण करू नका, अंकागणिक कापून पुन्हा जुळवा.

मुलाखतीला कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. किनाऱ्यावर फोमचे टोपण पुरत नाही, केसाळ टोपण लागते. वारा एकदा आवाजात शिरला की संपादनात निघत नाही.

टिपण्याची रीत

मुलाखतीसाठी गोव्यात बाल्कांवइतकी (घराच्या दारापुढच्या छपराखालच्या बैठकीइतकी) चांगली जागा विकत घेऊन मिळणार नाही. फक्त माणसाला अंगणाकडे पाठ करून बसवू नका, मागचे अंगण पांढरे फटक पडेल. त्याला सावलीत, तोंड अंगणाकडे तिरपे करून बसवा आणि मागे घराच्या आतला अंधार येऊ द्या. मऊ उजेड एका गालावर येतो, दुसरा आपोआप थोडा गडद राहतो. एक फसगत लक्षात ठेवा: चिऱ्यांच्या अंगणावरून परतणारा उजेड तांबूस असतो आणि कुळागरात माडा-पोफळींखाली चेहऱ्यावर हिरवी झाक येते. ऑटो व्हाइट बॅलन्स तिथे दर चौकटीला मत बदलतो. पांढरा कागद धरून हाताने बॅलन्स लावा आणि अंगणावर पांढरी चादर अंथरा.

नाटकात एक्स्पोजर ऑटोवर ठेवले की कॅमेरा काळा पडदा पाहून उजेड वाढवतो आणि स्पॉटखालचा चेहरा चुन्यासारखा होतो. सगळे मॅन्युअल. झेब्रा (जास्त उजळ भागावर पडद्यात पट्टे दाखवणारी सोय) ९५ वर लावा आणि स्पॉटखालच्या कपाळावर पट्टे दिसणार नाहीत इतके खाली आणा. गडद निळ्या-लाल एलईडीत एकच रंग भरून वाहतो, चेहऱ्याचा तपशील जातो. तिथे अर्धा-एक स्टॉप आणखी खाली. समया, दिवजां यांच्या उजेडात मात्र ज्योत पांढरी होऊ द्या. ज्योत वाचवायला गेलात तर चेहरा हरवेल.

शिगम्यात सगळे जण कडेला उभे राहून बाजूने जाणारी मिरवणूक टिपतात, आणि घरी आल्यावर कळते की सगळे शॉट सारखेच आहेत. रस्ता वळतो तिथे उभे राहा, म्हणजे मेळ आधी समोरून येतो, मग बाजूने जातो. एका मेळाचे किमान पाच तुकडे घ्या: लांबून सगळे, मग एक रांग, ढोलवाल्याचे हात, पावले, पाहणाऱ्या मुलाचा चेहरा. प्रत्येक तुकडा न हलवता दहा सेकंद धरा. दहा सेकंद फार लांब वाटतात, मनात मोजा. आणि मेळ डावीकडून उजवीकडे जात असेल तर रस्ता ओलांडून पलीकडून टिपू नका. संपादनात तोच मेळ उलट निघाल्यासारखा दिसतो. ओलांडायचेच असेल तर मधे समोरून येणारा एक शॉट घ्या.

पाऊस चौकटीत दिसत नाही अशी सगळ्यांची तक्रार. उजेड मागून आणि पार्श्वभूमी गडद, हे दोन्ही असल्याशिवाय पाऊस दिसणार नाही. ओल्या पोफळीबनासमोर, ढगांतून जरा उजेड फाकला की त्या दिशेला कॅमेरा वळवा. १/५० ला सरींच्या रेघा होतात, १/२०० ला थेंब सुटे दिसतात.

सूर्यास्ताला उशीर करू नका. सूर्य बुडाल्यावर कामाचा उजेड वीस-बावीस मिनिटेच टिकतो. स्टँड, लेन्स, फिल्टर आधीच लावून ठेवा आणि त्या वेळेत एकच प्रसंग करा.

परवानगीचे थोडक्यात: जुने गोव्यातील चर्चेस पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, स्टँड किंवा दिवे लावून चित्रण परवानगीशिवाय नाही. सरकारी जागांवर व्यावसायिक चित्रीकरणासाठी एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे अर्ज करावा लागतो. देवळात देवस्थान समितीला विचारा, पणजीतल्या फोंताइन्या या जुन्या वस्तीतल्या दारांसमोर घरमालकाला. ड्रोन असेल तर दाबोळीला नौदलाचा तळ आणि उत्तरेला मोपा विमानतळ आहे हे विसरू नका, उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहा.

तापमान, मीठ, बुरशी

एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर धुके जमते, कधी आतल्या काचांवरही. पुसून उपयोग नाही. निघण्याआधी कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि पिशवी न उघडता अर्धा तास बाहेर ठेवा. पाणी जमायचे ते पिशवीवर जमते. उन्हात ४के घेताना बॉडी तापून बंद पडू नये म्हणून पडदा बॉडीपासून उघडून ठेवा, सोनीत ऑटो पॉवर ऑफ टेम्प हा पर्याय हायवर न्या आणि वर छत्री धरा. रात्रीच्या नाटकाला पॉवर बँक लावा, पण आतली भरलेली बॅटरी काढू नका. नुसत्या अडॅप्टरवर चालणारा कॅमेरा जनरेटर बदलताना एका क्षणात बंद पडतो, आणि बंद न झालेली फाइल मोडते.

किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. स्टँडचा सर्वांत खालचा भाग आधी ओढा, म्हणजे कुलपे वाळूच्या वर राहतात. घरी आल्यावर पाय गोड्या पाण्याने धुवा, बॉडी किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडी करा.

बुरशी हा गोव्यातला लेन्सचा खरा शत्रू. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की ती वाढू लागते आणि पावसाळ्यात घरातली आर्द्रता त्याहून वर असते. चामड्याच्या पिशवीत, कपाटात ठेवलेली लेन्स चवथीला बाहेर काढली की काचेत कोळ्याचे जाळे दिसते. ड्राय कॅबिनेट घेणे परवडत नसेल तर रबरी कडा असलेला हवाबंद प्लास्टिक डबा, दोनशे ग्रॅम रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० च्या मधे ठेवा. ३० च्या खाली गेला तर लेन्समधले वंगण आणि रबर सुकते. निळे जेल गुलाबी किंवा नारिंगी हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा वापरता येते. तांदूळ घालू नका, त्याची पूड लेन्सच्या रिंगेत जाते. आणि जून ते सप्टेंबर दर आठवड्याला प्रत्येक लेन्स बाहेर काढून अर्धा तास उजेडात वापरा, मागून टॉर्च मारून आतून पाहा. बारीक ठिपका दिसला तर ती लेन्स त्याच दिवशी डब्यातल्या इतरांपासून वेगळी करा आणि दुरुस्तीला द्या. जाळे पसरून काचेचा लेप खाल्ल्यावर ते साफ करता येते, डाग मात्र राहतो.